‘ताइकोकी’ : नाव, उपाधी आणि अभ्युदयाची कथा

जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेने १९६५ साली ‘ताइकोकी’ ही ऐतिहासिक नाट्यमालिका वर्षभर दाखविली. तोयोतोमी हिदेयोशी (१५३७–१५९८) याच्या अभ्युदयाची ही कथा योशिकावा एइजी यांच्या कादंबरीवर आधारलेली होती. ‘की’ म्हणजे वृत्तान्त. मराठी अभ्यासकास येथे ‘बखर’ हा शब्द सहज आठवेल. ‘ताइको’ ही मात्र निवृत्त काम्पाकूची, म्हणजे सम्राटाच्या प्रमुख प्रतिनिधीची, उपाधी होय. हिदेयोशीने ती धारण केली १५९१ मध्ये. उदयाची कथा अशा रीतीने अंतिम पदाच्या नावाने ओळखली जाते, आणि नायकाचे यश पहिल्या पानापासूनच गृहीत धरले जाते.

वस्तुतः त्याची नावे हाच त्याच्या उदयाचा सर्वांत विश्वसनीय आलेख आहे. ओवारी प्रांतातील सामान्य कुळात जन्मलेला हा मनुष्य ओदा नोबुनागाच्या पदरी किनोशिता तोकिचिरो म्हणून वावरला. पुढे त्याने हाशिबा हे कुलनाम घेतले; निवा आणि शिबाता या दोन ज्येष्ठ सरदारांच्या नावांतील एकेक अक्षर घेऊन ते सिद्ध झाले, असे परंपरा सांगते. त्यांतील शिबाता कात्सुइए याचा १५८३ मध्ये हिदेयोशीनेच नाश केला. अक्षर तेवढे नावात राहिले! १५८५ मध्ये काम्पाकू होण्यासाठी फुजिवारा वंश आवश्यक होता, म्हणून तो कोनोए साकिहिसा याचा दत्तक पुत्र झाला. त्यानंतर दरबाराकडून ‘तोयोतोमी’ हे सर्वस्वी नवे वंशनाम मिळाले. नामांतर ही येथे केवळ शोभा नव्हती. पदास पात्र ठरण्याचा तो मार्ग होता.

मालिकेचा प्रारंभ १९६४ साली सुरू झालेल्या शिंकान्सेन आगगाडीच्या दृश्याने झाला, हेही सूचक आहे. वेगाने वर येणाऱ्या राष्ट्रास वर येणारा नायक हवा होता. प्रेक्षकांचे प्रेम मात्र नोबुनागावर जडले. त्यास मारू नये अशी पत्रे आली आणि १५८२ चा होन्नोजीचा प्रसंग लांबणीवर पडला. त्या काळी चित्रफिती महाग असल्यामुळे पुनःपुन्हा वापरल्या जात. परिणामी पूर्ण स्वरूपात एकच भाग उरला आहे, आणि तो नेमका ‘होन्नोजी’चा.

अभ्युदयकथेच्या या साच्यात एक गोष्ट सहसा झाकली जाते. १५८८ मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली. १५९१ च्या आज्ञेने योद्धा व शेतकरी यांच्यातील सीमा कठोर केली. ज्या वाटेने तो स्वतः आला, ती त्याने मागून येणाऱ्यांस बंद केली. १५९२ व १५९७ ची कोरियावरील आक्रमणे याच्याही पुढची. योशिकावांची कादंबरी तेथवर जातच नाही.

तोकुगावा सत्तेला ही कथा निरुपद्रवी वाटत नव्हती. हिदेयोशीच्या वंशाचा १६१५ मध्ये ओसाका येथे उच्छेद करूनच ती सत्ता निर्वेध झाली होती. १८०४ मध्ये ‘एहोन ताइकोकी’ या सचित्र ग्रंथावर बंदी आली आणि त्याच विषयावरील चित्रांपायी उतामारो या चित्रकारास शिक्षा भोगावी लागली.