सोलापूर-रायचूर लाईनच्या आधी भद्रावती होती



३१ डिसेंबर २०१३. आपण थर्टी फर्स्टच्या गडबडीत होतो आणि त्याच दिवशी सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली. दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाशी एसी लाईनने जोडलं गेलं ते आपल्या गावातून. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावंच. पण त्याआधी काय होतं, ते कुणी विचारत नाही.

आधी अक्कलकोटची वीज पश्चिम ग्रीडची आणि पलीकडे अफजलपूरची दक्षिणेची. कागदावर दोन्हीकडे ५० हर्ट्‌झ, पण प्रत्यक्षात चाल वेगळी. चाल न जुळणारे दोन बैल एका जुवाला जुंपले तर काय होतं, शेतकऱ्याला सांगायला नको. मग वीज इकडून तिकडे द्यायची कशी?

उत्तर होतं चंद्रपूर जिल्ह्यात. १९९७-९८ मध्ये भद्रावतीला १००० मेगावॉटचं 'बॅक टू बॅक' केंद्र सुरू झालं. एका बाजूने एसी घ्यायची, तिची डीसी करायची आणि त्याच आवारात परत एसी करून रामगुंडमकडे सोडायची. डीसीला ठोकाच नसतो, त्यामुळे चालीचं भांडण मिटलं.

हे काम थायरिस्टर करतात, आणि खरं डोकं लागतं ते इथे. एकटा थायरिस्टर एवढा दाब सोसत नाही, म्हणून अनेक एका ओळीत जोडतात. ओळीतल्या एकावर जास्त दाब आला की तो जातो, मग शेजारच्यांवर भार. म्हणून डिझाईन करणारा इंजिनिअर प्रत्येकाभोवती रेझिस्टर-कपॅसिटर लावून दाब सारखा वाटतो, आणि गरजेपेक्षा दोन-चार नग जास्तच बसवतो. एखादा मेला तरी काम थांबत नाही. पेटवण्याचा इशारा ऑप्टिकल फायबरमधून प्रकाशाने जातो, कारण तिथे तांब्याची तार नेणं म्हणजे मरण. आणि उष्णता! हजार मेगावॉटातला एक टक्का जरी वाया गेला तरी १० मेगावॉट झाले की ओ. शुद्ध केलेलं पाणी सतत फिरवावं लागतं.

३० आणि ३१ जुलै २०१२ ला आधी उत्तर, मग पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. साठ कोटींच्या आसपास लोक. पश्चिम ग्रीड कसंबसं वाचलं. दक्षिण मात्र अंधारात गेली नाही, कारण मध्ये डीसीचे दुवे होते. वीज जायची, गडबड जायची नाही.

दीड वर्षात आपल्या लाईनने ती भिंत ओलांडली. दक्षिणेला विजेची नड होती, निर्णय बरोबरच होता. पण एसी लाईनमधून किती वीज वाहील हे दोन्हीकडचं ग्रीड ठरवतं. भद्रावतीत ते माणूस ठरवतो, आकडा टाकून. म्हणून आपली लाईन आल्यावरही ते केंद्र मोडीत काढलं नाही.