पंचनाम्याची नक्कल

अण्णा सिनेमा सांगायचे. नुसती गोष्ट नव्हे, अख्खा सिनेमा, कोर्टात कोण कुठे बसलं होतं इथपासून. वीज गेली की ओसरीवर घोंगडी पसरायची आणि आम्ही नातवंडं गलका करायचो, ‘अण्णा, न्यायाधीशांच्या खटल्याचा सांगा.’

तो ‘जजमेंट ॲट न्युरेंबर्ग’. स्टॅनले क्रेमरचा, १९६१ सालचा, काळापांढरा, तीन तासांचा. अण्णांनी तो पुण्यात एकदाच पाहिला होता. नक्कलनवीस म्हणून कोर्टात लागलेले अण्णा शिरस्तेदार होऊन निवृत्त झाले. आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांनी चोर पाहिले, खुनी पाहिले, भाऊबंदकीत कुऱ्हाड उचललेले शेतकरी पाहिले. पण त्या पिंजऱ्यात न्यायाधीश उभे असलेले त्यांनी त्या पडद्यावरच पाहिले. ‘चार न्यायाधीश, आणि गुन्हा काय, तर निकाल दिले!’ हे सांगताना इतक्या वर्षांनंतरही त्यांचा आवाज खाली यायचा.

सिनेमातले चौघे कल्पित आहेत, पण खटला खरा. १९४७ साली न्युरेंबर्गला अमेरिकी न्यायालयापुढे हिटलरच्या राजवटीतल्या सोळा न्यायाधीशांवर, सरकारी वकिलांवर आणि न्यायखात्यातल्या अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले गेले. सिनेमातला एर्न्स्ट यानिंग हा त्या चौघांत सगळ्यांत मोठा माणूस. कायद्याचा पंडित, जगभर ज्याची पुस्तकं वाचली जात, असा. बर्ट लँकेस्टरने त्याला जवळजवळ अर्धा सिनेमा गप्प बसवलंय. त्याचा वकील रोल्फ मात्र तोफेसारखा. मॅक्सिमिलियन शेलला या कामासाठी ऑस्कर मिळालं. रोल्फ विचारतो की यानिंग दोषी, तर हिटलरशी करार करणारे देश कोण? सक्तीच्या नसबंदीबद्दल आमच्या न्यायाधीशांना जाब विचारता, मग १९२७ साली तीच नसबंदी कायदेशीर ठरवणारं अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय कोण? अण्णांना हा युक्तिवाद पाठ होता आणि तो ते इतका रंगवून करत की आम्ही मुलं रोल्फच्या बाजूची व्हायचो. मग ते थांबायचे. ‘खोटं काही बोलला नाही तो,’ म्हणायचे. ‘पण त्या बाईला काय मिळालं त्यातून?’

ती बाई म्हणजे आयरीन हॉफमन, जुडी गार्लंडने उभी केलेली. एका वृद्ध ज्यू गृहस्थाशी तिचे संबंध असल्याचा आळ होता आणि त्यापायी त्या म्हाताऱ्याला देहान्त झाला. यामागची खरी हकीकत मी पुष्कळ वर्षांनी वाचली. लिओ काट्झेनबर्गर हे न्युरेंबर्गमधले पादत्राणांचे व्यापारी, साठी ओलांडलेले, तिथल्या ज्यू समाजाचे प्रमुख. त्यांच्या इमारतीत एक तरुण छायाचित्रकार बाई भाड्याने राहायची. दोघांनीही आरोप नाकारला. वंशशुद्धीच्या कायद्यात या गुन्ह्याला फाशी नव्हतीच, कैद होती. तेव्हा न्यायाधीश ओस्वाल्ड रोथाउग याने दुसराच कायदा काढला. युद्धातल्या दिवेबंदीचा फायदा घेऊन गुन्हा करणाऱ्याला देहान्त, असा तो वटहुकूम. म्हातारा अंधार पडल्यावर तिच्या घरातून निघताना दिसला होता, एवढं त्याला पुरलं. आणि तिने त्यांच्या बाजूने साक्ष देऊ नये म्हणून तिलाही खोट्या शपथेच्या आरोपाखाली त्याच खटल्यात गोवलं. जून १९४२ मध्ये काट्झेनबर्गर यांचा शिरच्छेद झाला. कलमं, तारखा, सह्याशिक्के, सगळं जागच्या जागी होतं.

पण अण्णा रेंगाळायचे ते एका अगदी छोट्या प्रसंगापाशी. खटला चालवायला आलेला म्हातारा अमेरिकी न्यायाधीश हेवूड, म्हणजे स्पेन्सर ट्रेसी, ज्या मोठ्या घरात उतरतो तिथे एक नवराबायको कामाला असतात. तो त्यांना स्वयंपाकघरात हळूच विचारतो, त्या काळात इथे काय चाललं होतं? ती म्हणतात, आम्ही साधी माणसं, आम्हांला काही ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी आम्ही काय करणार होतो? अण्णा हे सांगताना दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवायचे आणि जरा वेळ पुढे बोलायचेच नाहीत.

त्याचा उलगडा १९७६ च्या एप्रिलअखेरीस झाला. आणीबाणी होती. धाकटे काका मिसाखाली येरवड्याला. स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते असं मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं, म्हणून घरात आशा होती. मग सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. चार विरुद्ध एक, दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. बेकायदा कुणाचा जीव घेतला तरी आणीबाणीत न्यायालयात इलाज नाही, असं सरकारच्या वकिलांनी भर न्यायालयात त्यांना सांगितलेलं होतं. अण्णांनी उभ्यानेच बातमी वाचली आणि पेपर घडी करून आजीच्या हातात दिला.

त्या रात्री आम्ही न मागता त्यांनी सिनेमा सुरू केला. स्वयंपाकघरातल्या त्या नवराबायकोपाशी आले आणि गाडी भलतीकडेच वळली.

‘बेचाळीसच्या चळवळीत आमच्या कोर्टात एक पोरगा आणला होता,’ ते म्हणाले. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं कोर्ट. तारा तोडल्याचा आरोप. पोरगा असेल अठरा-एकोणिसाचा. पंचनामा नकलेसाठी अण्णांच्या मेजावर आला. ‘कागद हातात घेतला आणि कळलं. वरच्या ओळी ऐसपैस, दोन बोटं अंतर सोडून लिहिलेल्या. खाली येतायेता दाटी. पंचांच्या सह्यांच्या वर तर मुंगीएवढी अक्षरं, आणि शेवटच्या ओळीची शाई एका सहीच्या शेपटावरून गेलेली. म्हणजे सह्या आधी. कोऱ्या कागदावर. मजकूर मागाहून.’

‘मग तुम्ही सांगितलंत?’ मी विचारलं.

‘कुणाला सांगणार? अठ्ठावीस वर्षांचा होतो. तुझा बाप रांगत होता. नोकरी सरकारची.’ मग जरा थांबून, ‘ही दोघं तेच म्हणतात, नाही का रे?’

सिनेमाच्या शेवटी यानिंग हेवूडला तुरुंगात भेटायला बोलावतो. तो म्हणतो, ती लाखो माणसं... गोष्ट इतक्या थराला जाईल असं मला कधीच वाटलं नव्हतं. हेवूड त्याला सांगतो की निर्दोष आहे हे जाणूनही तू पहिल्या माणसाला देहान्ताची शिक्षा दिलीस तेव्हाच ती तिथे पोचली होती. हे उत्तर अण्णा एरवी खणखणीत आवाजात द्यायचे. त्या रात्री तिथवर ते गेलेच नाहीत. पोराला सहा महिने सक्तमजुरी झाली, एवढं म्हणाले.

आजीने कंदील आणून ठेवला तसे ते जरा सावरून बसले.

‘माझं अक्षर मोत्यासारखं होतं,’ अण्णा म्हणाले. ‘मी ती नक्कल केली. समास सोडून, सगळ्या ओळी सारख्या अंतरावर. दाटी कुठे दिसलीच नाही. आणि खाली लिहिलं, खरी नक्कल.’