पेला आणि घुंगरू

आपल्या औरंगाबादेत १७६८ साली एक मुलगी जन्मली आणि पुढे हैदराबादच्या दरबारात महलका बाई चंदा म्हणून गाजली. गाणारी, नाचणारी, गझला लिहिणारी. दरबाराकडून तिला जहागिरी मिळाल्या. १७९९ साली तिने आपल्या दिवाणाची हस्तलिखित प्रत जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याला भेट दिली. गझल म्हटली की साकी आणि जाम आलेच. तो काव्यसंकेत आहे, लिहिणारा पिऊन लिहितो असे नव्हे, हे सांगून सांगून मी थकलो!

नाचणारीचे पाय आणि दारूचा पेला एका खोलीत असावेत का, याचा निकाल पुढे सरकार आणि न्यायालय यांनी लावायचा होता. महाराष्ट्रात दारूचा परवाना १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, उत्पादन शुल्क खात्याचा. करमणुकीचा परवाना पोलिसांचा, १९६० च्या नियमांनुसार. त्या नियमांत मेळे आणि तमाशेही येतात. डान्स बारला दोन्ही लागत.

२००५ साली सरकारने पोलीस कायदा दुरुस्त करून बारमधले नृत्य बंद केले. तीन आणि त्याहून अधिक तारे असलेल्या हॉटेलांना मात्र सूट! म्हणजे गरिबाच्या पेल्यासमोरचा नाच तेवढा अश्लील. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बंदीमुळे हजारो बायकांचा रोजगार गेला, काहींवर देहविक्रयाची वेळ आली; औषध रोगापेक्षा वाईट ठरले, असे न्यायालयाने म्हटले.

मग २०१६ चा कायदा आला. नावात महिलांच्या प्रतिष्ठेचे रक्षण होते, आत अटींची रांग होती. नाच चालेल तिथे दारू द्यायची नाही, ही त्यांतलीच एक. मी दारूला शिवत नाही, माझ्या धर्मात ती हराम. तरीही ही अट मला सरळ वाटली नाही. पिणारा परवान्याच्या जागी बसून पितो आणि शिक्षा भोगते ती समोरची बाई. गिऱ्हाईकच आले नाही तर तिचे घर कशावर चालायचे?

१७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट अवास्तव आणि मनमानी ठरवून रद्द केली. नृत्याची जागा आणि बार यांच्यामधल्या आडभिंतीची अटही गेली. लेखी करार आणि मोबदला बँकेत जमा करणे मात्र राहिले, आणि ते योग्यच झाले. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळही टिकली. नोटा उधळायच्या नाहीत, पण बक्षिसी हातात देता येते. तमाशाच्या प्रेक्षकाला दौलतजादा ठाऊक आहे, त्याला यातला फरक समजावून सांगायला नको.

ऑर्केस्ट्रा बारमध्ये मंचावर चारच बायका आणि चारच पुरुष, ही परवान्यातली अट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा कायम आहे. त्यांत बायका किती आणि पुरुष किती, हे आता कार्यक्रम करणाऱ्यांनी ठरवायचे.