थंडीचा तळ

तापमापीवरचं शून्य सुरुवातीला ज्याने त्याने आपल्या सोयीने बसवलं. ॲमस्टरडॅमला तापमापी बनवणाऱ्या डॅनिएल फॅरनहाइटने १७२४ साली बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाची थंडी शून्य मानली; बर्फाळ पाण्याला दिले ३२ आणि निरोगी अंगाच्या उबेला ९६ अंश. उप्सालाच्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये पाणी उकळतं तिथे शून्य आणि गोठतं तिथे शंभर लिहिलं. ही उलटी पट्टी सुलट झाली ती त्याच्या मृत्यूनंतर. आपल्याकडे दोन्ही पट्ट्या सुखाने नांदतात: अंगात ताप १०२, बाहेर ऊन ४२!

पण या दोघांच्याही आधी, १७०२-०३ च्या सुमारास, पॅरिसमध्ये गियोम आमोन्तों वेगळ्याच वाटेने निघाला होता. काचेच्या फुग्यात हवा कोंडायची, आकारमान बदलू द्यायचं नाही आणि ती पाऱ्याचा किती उंच स्तंभ पेलते ते पाहायचं. हवा निवली की दाब उतरे, तोही ठरावीक प्रमाणात. मग असाच उतरत गेला तर? कधीतरी संपेलच, दाब काही शून्याखाली जायचा नाही. म्हणजे थंडीलाही तळ आहे. त्याच्या आकड्यांवरून तो आजच्या उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. खरा तळ उणे २७३.१५. कोंडलेली हवा आणि पारा एवढ्या भांडवलावर हा अंदाज थक्क करणारा आहे.

तरी हे गणित हवेच्या भरवशावरचं होतं, आणि पुरेशा थंडीत हवेचंही पाणी होतं. ग्लासगोच्या विल्यम थॉमसनला कुठल्याच पदार्थावर न टेकलेली पट्टी हवी होती. सादी कार्नोने १८२४ मध्ये दाखवलं होतं, की आदर्श इंजिनाची कार्यक्षमता त्यात वाफ आहे की हवा यावर ठरत नाही, फक्त दोन तापमानांवर ठरते. थॉमसनने १८४८ मध्ये यावरच तापमानाची पट्टी बसवली. गंमत म्हणजे त्या पहिल्या पट्टीत तळ होता उणे अनंतावर! आजची पट्टी त्याने भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूलच्या साथीने १८५४ मध्ये मांडली. पुढे तो लॉर्ड केल्विन झाला. नाव घेतलं ते विद्यापीठाजवळच्या नदीचं.

लायडेनला कामर्लिंग ओनेसने १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप केला, तळापासून जेमतेम चार अंशांवर. तापमानाच्या केल्विन या एककाची व्याख्या मात्र १९५४ नंतरही पाण्यालाच बांधलेली होती. ती गाठ सुटली २०१९ मध्ये. आता हे एकक तापमान आणि ऊर्जा यांना जोडणाऱ्या बोल्ट्झमन स्थिरांकावरून ठरतं.