डिंगोरे ते चर्चगेट : मुंबईच्या गर्दीचा आणि त्या गर्दीत राबणाऱ्यांचा इतिहास

जुन्नर तालुक्याच्या उत्तर भागात, कल्याण–नगर महामार्गावर ओतूरच्या पश्चिमेस वसलेल्या डिंगोरे या गावातून आजही रेल्वेचा रूळ दिसत नाही, कारण संपूर्ण जुन्नर तालुक्यातच रेल्वे नाही. तरीही मुंबईच्या उपनगरी गाडीतील गर्दीचा इतिहास लिहिताना हा परिसर वगळता येत नाही. डिंगोऱ्याहून पश्चिमेस निघालेला रस्ता माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणला पोचतो, आणि कल्याणला पोचलेला माणूस त्या शहराच्या नोकरदारांबरोबर लोकलच्या दारात उभा राहतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी आणि अकोले या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांतून मुंबईत गेलेल्यांपैकी एका वर्गाने तर या गाडीलाच आपले कामाचे ठिकाण केले, तो म्हणजे घरचे जेवण कचेऱ्यांत पोचवणाऱ्या डबेवाल्यांचा वर्ग. इतरांसाठी गर्दी ही कामावर जाण्यायेण्याची यातना असते. डबेवाल्यांसाठी ती कामाचाच भाग आहे, आणि म्हणून त्या गर्दीची बदलती रूपे त्यांच्या इतिहासातून अधिक स्पष्ट दिसतात.

गर्दीचे मूळ मुंबईच्या भूगोलात आहे, असे सामान्यतः सांगितले जाते आणि ते खरेही आहे, परंतु अपुरे आहे. दक्षिणेकडे निमुळते होत गेलेले बेट, त्याच्या टोकाला बंदर, किल्ला आणि कचेऱ्या, आणि वस्तीला वाढायला जागा फक्त उत्तरेकडे, अशा रचनेत सकाळी सर्वांनी दक्षिणेकडे व संध्याकाळी सर्वांनी उत्तरेकडे जाणे अटळ होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन धावली तेव्हा तिच्यामागे कापूस व मालवाहतुकीचा विचार प्रमुख होता. ती घडवून आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते जगन्नाथ शंकरशेट मूळचे मुरबाडचे, म्हणजे माळशेजच्या पायथ्याकडच्या याच वाटेवरचे. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. मुरबाडला मात्र रेल्वे अद्याप पोचलेली नाही, त्यामुळे डिंगोऱ्याच्या माणसाला १८५४ मध्ये जेथे गाडी गाठावी लागत होती तेथेच आजही गाठावी लागते.

रोजच्या प्रवाशाचा विचार रेल्वेने सावकाश केला. पश्चिमेकडील मार्गावर १८६७ मध्ये विरारहून गाडी सुरू झाली, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची गाडी आली आणि १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली या मार्गाचेही विद्युतीकरण झाले. मात्र त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३० च्या अखेरीस, कुलाब्यापर्यंतचा लोहमार्ग बंद करण्यात आला आणि चर्चगेट हे शेवटचे स्थानक ठरले. शहराच्या दक्षिण टोकाकडे पोचलेला रूळ उखडण्याचा हा निर्णय त्या काळी किफायतशीर वाटला असेल, पण पुढे नरिमन पॉइंट व कफ परेड येथे समुद्रात भराव घालून कचेऱ्या उभ्या राहिल्या तेव्हा तेथील हजारो नोकरदारांना चर्चगेटला उतरून पुन्हा बसची किंवा सामायिक टॅक्सीची रांग धरावी लागली.

याच चौकटीत डबेवाल्यांचा व्यवसाय वाढला. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी घरचे जेवण कचेरीत पोचवण्याची ही पद्धत सुरू केली, असे मानले जाते. घाटमाथ्यालगतच्या मावळ भागात, म्हणजे पावसाळी भाताच्या पट्ट्यात, सुगीनंतर शेतात विशेष काम उरत नसे, आणि आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिम भागात तर जमिनीचे तुकडे लहान आणि सिंचन जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे घरातील एक भाऊ गावी राहून शेती पाहणार आणि दुसरा मुंबईला जाणार, ही वाटणी रूढ झाली. गेलेला माणूस गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत उतरे आणि नात्यातल्याच मुकादमाच्या हाताखाली कामाला लागे. मुकादम म्हणजे एका टोळीचा प्रमुख, जो डब्यांची वाटणी, हिशेब आणि आजारी गड्याच्या बदल्याची सोय पाहतो. १९५६ मध्ये या मंडळींची ‘नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट’ ही संस्था नोंदवली गेली. चैत्रात गावोगावच्या ग्रामदैवतांच्या आणि कुलदैवतांच्या यात्रा भरतात तेव्हा डबेवाले चार-सहा दिवस काम बंद ठेवून गावी परततात, आणि मुंबईतल्या कचेऱ्यांना त्या आठवड्यात जुन्नर-आंबेगावच्या पंचांगाप्रमाणे जेवणाची वेगळी सोय करावी लागते.

या कामाचा गर्दीशी असलेला संबंध नीट समजण्यासाठी ते जवळून पाहावे लागते. सकाळी नऊच्या सुमारास घराघरांतून सायकलवर गोळा केलेले डबे स्थानकाबाहेर फुटपाथवर मांडले जातात, झाकणावरील खुणा पाहून ते उतरण्याच्या स्थानकाप्रमाणे वेगळे केले जातात आणि लांबट लाकडी पाटीत रचले जातात. मधला ठळक आकडा उतरण्याचे स्थानक दाखवतो, बाजूची अक्षरे व अंक इमारत, मजला आणि डबा पोचवणारा गडी सांगतात, तर दुसऱ्या बाजूची अक्षरे डबा कोठून निघाला ते सांगतात, म्हणजे रिकामा डबा त्याच घरी परत जातो. चाळीसच्या आसपास डब्यांची पाटी साठ किलोंच्या घरात जाते. ती डोक्यावर घेऊन गडी फलाटावर लगेजचा डबा नेमका जेथे थांबतो तेथे उभा राहतो. लगेजचा डबा म्हणजे भाजीवाले, कोळणी व इतर विक्रेते यांच्या ओझ्यासाठी राखलेला, जवळजवळ आसनविरहित कप्पा. गाडी फलाटावर जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते, तेवढ्यात आधीची पाटी खाली, नवी पाटी वर, आणि दारात लटकलेल्या प्रवाशांना न लागता हे सर्व करायचे असते. गर्दीच्या वेळी इतर डब्यांत शिरता न आलेले प्रवासी याच कप्प्यात चढतात आणि मग जागेवरून बाचाबाची होते. दोन्ही बाजूंचा राग समजण्यासारखा असतो, कारण दोघांनाही वेळेवर पोचायचे असते आणि जागा दोघांपैकी कोणालाच पुरेशी दिलेली नसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही ओढाताण असह्य होण्यामागे केवळ लोकसंख्यावाढ नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील कामगारवस्ती विस्कटली. कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणारी कुटुंबे डोंबिवली, कल्याण, बदलापूर, विरार अशी दूर गेली, आणि गिरण्यांच्या जमिनीवर पुढे कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. म्हणजे राहणारे उत्तरेकडे गेले, नोकऱ्या परळ-लोअर परळात आल्या आणि स्थानके मात्र गिरण्यांच्या काळातल्या मापाचीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर पावसाच्या सरीत झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. त्या घटनेला अपघात म्हणणे अपुरे आहे, कारण ती शहराच्या नियोजनाने अनेक वर्षे साठवून ठेवलेली गर्दी होती.

या गर्दीवर उपाय म्हणून रेल्वेने गाड्यांचे डबे वाढवले. पश्चिम मार्गावर १९८६ मध्ये बारा डब्यांची आणि २००९ मध्ये पंधरा डब्यांची गाडी आली. तरीही मागणी पुढेच राहिली, इतकी की नियोजनकारांना प्रत्येक चौरस मीटरमध्ये उभे असलेल्या १४ ते १६ माणसांसाठी ‘अतिदाट गर्दीभार’ या अर्थाची स्वतंत्र संज्ञा वापरावी लागली. एका चौरस मीटरवर चौदा माणसे उभी असतात तेव्हा हात वर असेल तर तो खाली घेता येत नाही, श्वासासाठी मान उंच धरावी लागते आणि उतरायचे स्थानक येण्याआधी दोन स्थानके दाराकडे सरकायला सुरुवात करावी लागते. करोनापूर्व काळात रोज सुमारे ७५ लाख प्रवासी या गाड्या वापरत आणि कित्येक वर्षे दर वर्षी तीन हजारांहून अधिक माणसे या लोहमार्गांवर प्राण गमावत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा बंद दारांच्या साध्या गाड्यांची चर्चा पुन्हा सुरू झाली. कल्याणहून निघालेल्या गाडीत कळवा-मुंब्र्याच्या माणसाला पाय ठेवायलाही जागा मिळत नाही, ही तक्रार त्याआधी कित्येक वर्षे केली जात होती.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे लोकल सामान्यांसाठी थांबली आणि गर्दीबरोबर डबेवाल्यांचे कामही थांबले. बहुतेक जण गावी परतले. जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाचा तडाखा जुन्नर, आंबेगाव भागालाही बसला, त्यामुळे मुंबईचे उत्पन्न बंद असतानाच गावच्या घरांचे व पिकांचे नुकसान सोसावे लागले. गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा अनेक कचेऱ्या घरून काम करण्याकडे वळल्या होत्या, आणि कित्येक गडी परतलेच नाहीत.

कुलाब्याच्या लोहमार्गाबरोबर सुटलेला दक्षिण टोकाचा दुवा भरून निघाला तो जमिनीखालून. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची, २७ स्थानकांची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुली झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. तिच्या मुंबई सेंट्रलजवळील स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. थंड हवा, फलाटाच्या कडेला काचेची दारे आणि दाराबाहेर लटकण्याची अशक्यता हे या गाडीचे मोठे गुण आहेत, आणि लोकलच्या दारातून पडून गेलेल्यांची संख्या लक्षात घेता ते क्षुल्लक नाहीत. नवे त्रासही तिच्याबरोबर आले. २६ मे २०२५ च्या पावसात वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरून सेवा खंडित झाली. भुयारात मोबाइलचे नेटवर्क मिळत नसल्यामुळे तिकीट काढण्यापासून घरी निरोप देण्यापर्यंत खोळंबा होऊ लागला. आणि लोकलच्या मासिक पासाची सवय असलेल्या प्रवाशाला दहा ते सत्तर रुपयांचे भाडे रोज दोन वेळा परवडणे कठीण आहे.

डबेवाल्यांच्या दृष्टीने मात्र मेट्रोतील सर्वांत मोठी उणीव वेगळी आहे. पाटी घेऊन तिच्यात शिरताच येत नाही, कारण प्रवाशाबरोबरच्या सामानावर आकाराची व वजनाची मर्यादा आहे आणि लगेजचा डबा आराखड्यातच नाही. वातानुकूलित लोकलमध्येही तो नव्हता. साध्या लोकलमध्ये तो आहे, पण २०२५ मध्ये मध्य रेल्वेने काही गाड्यांतील एका लगेज कप्प्याचे ज्येष्ठ नागरिकांच्या कप्प्यात रूपांतर सुरू केले; वृद्धांना जागा मिळणे रास्तच आहे, परंतु ती जागा श्रमिकांच्याच वाट्यातून काढली गेली. डबे दुपारच्या जेवणासाठी जातात, म्हणजे त्यांची मुख्य वाहतूक सकाळची कचेरीची लाट ओसरू लागल्यावर, साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान होते, आणि रिकामे डबे संध्याकाळची लाट येण्यापूर्वीच परतीला लागतात. त्या वेळात आठ डब्यांच्या मेट्रोतील शेवटच्या डब्याचा निम्मा भाग पाट्यांसाठी मोकळा ठेवण्यास तांत्रिक अडचण दिसत नाही; त्यासाठी नियम बदलावा लागेल आणि स्थानकांतील सरकत्या जिन्यांशेजारी ओझे उतरवण्याची एक वाट राखावी लागेल.