मुंबईतील कॅथलिक शाळा आणि मराठी ख्रिस्ती समाजाची भाषा

१

मुंबईच्या शैक्षणिक इतिहासात ख्रिस्ती शाळांचा विचार बहुधा एकाच प्रकरणात व एकाच नावाखाली केला जातो. मराठी भाषेने मात्र या शाळांना एक नाव दिलेले नाही. दोन दिली आहेत. विल्सनसाहेबांची ती ‘मिशन शाळा’ आणि संन्यासिनींची ती ‘कॉन्व्हेंट’. पहिल्या नावात धर्मप्रसाराची आठवण आहे, दुसऱ्यात इंग्रजीची. ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचा मूळ अर्थ संन्यासिनींचा मठ. परंतु मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी तो कोणत्याही इंग्रजी माध्यमाच्या शाळेस लागू झाला, आणि ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी सुतराम संबंध नाही अशा शाळांच्या फलकांवरही जाऊन बसला. शब्दाचा अर्थ असा सरकतो तेव्हा त्यामागे समाजाच्या अनुभवाचा काही इतिहास असतो. प्रस्तुत लेखात तो इतिहास गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांपुरता तपासावयाचा आहे.

प्रश्न थोडक्यात असा मांडता येईल. कॅथलिक शाळा ही मुख्यतः परधर्मीयांसाठी निघाली नव्हती. आपल्या कळपाचा धर्म राखणे हे तिचे पहिले प्रयोजन होते. या कळपातील मूळ मुंबईकर भाग हा मराठी बोलणारा होता. या शाळांनी त्याचा धर्म राखला. भाषा मात्र राखली नाही. असे का झाले?

२

मुंबई बेट इंग्रजांकडे आले ते १६६१ च्या विवाहतहाने. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये बेट कंपनीच्या हाती गेले. त्यावेळी बेटावर फ्रान्सिस्कन पंथीयांनी उभारलेली चर्चे होती. दादरचे ‘नोसा सेन्योरा दा साल्व्हासांव’, म्हणजे आजचे ‘पोर्तुगीज चर्च’, १५९६ मधील आहे. आज तेथे दिसते ती इमारत १९७० नंतरच्या दशकातील असून चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याची आहे. ‘एस्पेरांसा’ चर्च प्रथम किल्ल्याजवळच्या मैदानात होते. १७६० मध्ये लष्करी कारणासाठी ते पाडण्यात आले व गिरगावालगतच्या कावेल वस्तीत पुन्हा उभे राहिले. ‘कावेल’ हे नाव पोर्तुगीज ‘कापेला’ वरून आले असे काही मानतात. कोळीवाड्याशी त्याचा संबंध जोडणारी दुसरी व्युत्पत्तीही आहे. या मतभेदाचा निर्णय येथे करावयाचा नाही. परंतु दोन्ही व्युत्पत्ती एकत्र ठेवल्या म्हणजे या समाजाचे स्वरूप स्पष्ट होते: चर्च पोर्तुगिजांचे, माणसे कोळी, आगरी, भंडारी आदी मूळच्या जातींतील.

या माणसांची भाषा म्हणजे उत्तर कोकणची मराठी. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) ‘किरिस्तांव’ बोलीचे नमुने दिलेले आहेत. ‘ण’ च्या जागी ‘न’, ‘ळ’ च्या जागी ‘ल’ यांसारखी तिची वैशिष्ट्ये शेजारच्या कोळी-आगरी बोलींतही आढळतात. म्हणजेच ती धर्मांतराने आलेली नव्हेत. धर्मांतराने आला तो शब्दसंग्रह. आणि त्यातीलही पाव, चावी, पगार, बटाटा, लिलाव, फीत असे कितीतरी शब्द सबंध मराठीने आपलेसे केले.

या बोलीला लेखनाची परंपरा नव्हती असेही नाही. स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण (१६१६) गोव्याकडचे. पण १६५९ मध्ये फ्रान्सिस्को व्हाज द गिमारायश यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले पुराण उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाच्या भाषेत आहे आणि एकोणिसाव्या शतकातही मुंबईस त्याच्या आवृत्त्या निघत होत्या. ‘उत्तरेकडील बोली’चे सतराव्या शतकातील एक मिशनरी व्याकरण १८५८ मध्ये गोव्यात कुन्य रिव्हार यांनी छापून काढले. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. हे धार्मिक साहित्य रोमन लिपीत छापले गेले. त्यामुळे या समाजाच्या कानाला भाषा मराठी राहिली, पण डोळ्याला लिपी रोमन झाली. पुढे शाळेने इंग्रजी आणली तेव्हा अक्षरे अनोळखी नव्हती; अनोळखी होती ती देवनागरी. इंग्रजीकडे जाण्याचा मार्ग असा दोन शतके आधीच अर्धा तयार झाला होता.

३

शाळांच्या स्थापनेचा इतिहास चर्चमधील सत्ताकलहापासून वेगळा काढता येत नाही. १७२० मध्ये कंपनीने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर काढले व रोमच्या अधीन असलेल्या कार्मेलाइट धर्मगुरूंना आणले. त्याच सुमारास परळ येथील जेसुइटांची वास्तूही कंपनीकडे गेली. ती पुढे गव्हर्नराचे निवासस्थान झाली आणि १८९९ पासून तेथे हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. पोर्तुगालच्या राजाचा धर्माधिकार, म्हणजे पाद्रोआदो, आणि रोमची प्रोपागांडा यांच्यामधील तंटा मात्र मिटला नाही. १७९४ मध्ये बेटावरील पॅरिशांची दोहोंमध्ये वाटणी झाली. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकेल चर्चचा ताबा राखण्यासाठी बिशप हार्टमन यांनी स्वतःस आत कोंडून घेतले. ही दुहेरी सत्ता संपली ती १९२८ च्या कराराने.

दोन सत्ता एकाच गल्लीत नांदत असता प्रत्येकीला आपली माणसे आपल्याकडे राखणे आवश्यक होते, आणि माणसे राखण्याचे साधन म्हणजे शाळा. पाद्रोआदोच्या पॅरिश शाळांत गोव्याची परंपरा चालत आली होती. तेथील ‘मेस्त्र’ प्रार्थना, गायन व अक्षरओळख शिकवी. प्रोपागांडाच्या बाजूस हार्टमन यांनी १८५० मध्ये ‘एक्झामिनर’ हे इंग्रजी पत्र सुरू केले. त्यानंतर जर्मन जेसुइट आले. सेंट मेरीज, आणि १८६९ मध्ये सेंट झेवियर्स हायस्कूल व कॉलेज ही त्यांची कामगिरी होय. याच वेळी सरकारी धोरणही अनुकूल झाले होते. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदानाची वाट मोकळी केली आणि १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा हे शाळेचे ध्येय ठरले की माध्यमाचा प्रश्न जवळजवळ सुटल्यासारखाच होता.

येथे प्रॉटेस्टंट मिशनांशी तुलना उद्बोधक ठरते. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ मध्ये आले आणि त्याने आरंभापासून मराठी शाळा काढल्या. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केला. ज्याला परक्याचे मन वळवावयाचे आहे त्याला परक्याची भाषा शिकणे भाग असते. कॅथलिक शाळेला मन वळवावयाचे नव्हते. ते आधीच वळलेले होते. तिला आपल्या मुलांना नोकरीयोग्य करावयाचे होते. धर्मप्रसाराच्या घाईने एका पंथाला मराठीकडे नेले आणि धर्मरक्षणाच्या निश्चिंतीने दुसऱ्याला मराठीपासून दूर नेले, असा हा विरोधाभास आहे. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांच्या धर्मांतराने शहरात जी खळबळ उडाली, तिच्या पार्श्वभूमीवर अन्यधर्मीय पालकांना कॅथलिक शाळा पुढे अधिक निर्धोक वाटली असल्यास नवल नाही.

४

तथापि इंग्रजीची निवड केवळ परदेशी धर्मगुरूंनी लादली असे म्हणणे एकांगी होईल. दक्षिण व मध्य मुंबईचा पॅरिश एकभाषिक राहिलेला नव्हता. धोबीतलाव-दाबूल भागात गोव्याहून आलेल्या खलाशांचे, आचाऱ्यांचे व वादकांचे ‘कूड’ होते. पहिला कोंकणी तियात्र रंगभूमीवर आला तो १८९२ मध्ये मुंबईतच. मंगळूरचे ख्रिस्ती कोंकणीची वेगळी छटा घेऊन आले. अँग्लो-इंडियनांची घरची भाषा इंग्रजीच होती. एका बाकावर बसलेल्या या मुलांना प्रार्थना समान होती. भाषा समान नव्हती. शाळेने मराठी निवडली असती तर गोवेकरास ते मान्य झाले नसते. कोंकणी निवडली असती तर गिरगावकरास. कोणाचीच नसलेली भाषा सर्वांची झाली.

मूळ मुंबईकर ख्रिस्ती समाजाचे स्वतःचे वर्तनही याला पूरक होते. पूर्वी ‘पोर्तुगीज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या समाजाला नोकऱ्यांच्या स्पर्धेत गोवेकरांपासून आपले वेगळेपण दाखविण्याची गरज भासू लागली. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्याने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले आणि ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ची स्थापना केली. स्थानिकत्वाचा दावा करणारे नाव स्थानिक भाषेत नसून सरकारच्या भाषेत आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. शिवाय मराठी शाळा ही तरी त्याची कोठे होती? क्रमिक पुस्तकांतील मराठी पुणेरी वळणाची होती. ‘पानी’ व ‘डोला’ म्हणणाऱ्या मुलाच्या दृष्टीने इंग्रजी ही परभाषा होती. पण पुस्तकी मराठी ही त्याची भाषा ‘अशुद्ध’ ठरविणारी भाषा होती. परक्यापुढे चुकण्यापेक्षा आपल्यापुढे चुकणे अधिक बोचते. मराठी प्रमाणभाषेचा पुरस्कार करणाऱ्या आपण अभ्यासकांनी या समाजाच्या भाषात्यागाचा विचार करताना ही जबाबदारीही स्वीकारली पाहिजे.

५

शाळेचे कार्य वर्गात संपत नव्हते. चर्च, शाळा व वाडी ही या समाजजीवनाची तीन टोके होत. गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या वस्त्यांतून आजही क्रूस दिसतात. मुंबईतील अशा अनेक क्रूसांचा संबंध १८९६ च्या प्लेगाशी आहे. संध्याकाळी क्रूसापुढे लदाईन म्हणजे स्तुतिमालेची प्रार्थना होई, नव्या भाताचा ‘आगेरा’ साजरा होई, लग्नात ‘उंबराचे पाणी’ आणले जाई. या आचारांची भाषा मराठी होती. शाळेच्या पटांगणावरील फुटबॉल, वार्षिक संमेलन, सोडॅलिटीच्या सभा, गरिबांसाठी सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्थेची मदत, यांची भाषा मात्र इंग्रजी. भाषाशास्त्रात ज्यास व्यवहारक्षेत्रांची विभागणी म्हणतात ती येथे स्पष्ट दिसते. मराठीकडे राहिली ती लग्ने, गाणी, स्वयंपाक आणि म्हातारी माणसे. ज्या भाषेकडे केवळ सण उरतात तिचे आयुष्य त्या सणांइतकेच असते.

हेच वसईत घडले नाही, ही गोष्ट तुलनेसाठी महत्त्वाची आहे. तेथे शेतीवाडी टिकली, शेजार बहुतांशी एकभाषिक राहिला आणि मराठी शाळा हीच सामान्य शाळा होती. व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना स्थान दिल्यावर वसईच्या चर्चने मराठी सहजपणे स्वीकारली आणि पुढे तेथून मराठी लेखकही निर्माण झाले. धर्म एक, मूळ बोली जवळची, चर्चची शिस्तही एक, निकाल वेगळा. यावरून भाषात्यागाचे कारण धर्मात नसून शहरात व शहराच्या शाळेत शोधावे लागते.

गिरणगावाचे चित्र आणखी निराळे. परळ-लालबाग भागात गिरगाव किंवा दादरसारखी ख्रिस्ती वाड्यांची दाट वस्ती नव्हती. कोकण व घाटावरून आलेल्या कामगारांची मुले प्रामुख्याने नगरपालिकेच्या मराठी शाळांत शिकली. त्यांना कॉन्व्हेंट दिसे ते दादरच्या किंवा भायखळ्याच्या रस्त्यावर, गणवेशातील मुलांच्या रूपाने. ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाला वर्गवाचक अर्थ चिकटला तो या दुरून पाहण्यातून असावा.

६

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न न्यायालयात गेला. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने आज्ञा काढली की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन व आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याखेरीज इतरांची मुले घेऊ नयेत. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या संदर्भात उद्भवलेल्या दाव्यात उच्च न्यायालयाने व नंतर २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही आज्ञा घटनेच्या २९ व्या अनुच्छेदाविरुद्ध ठरविली. ती शाळा कॅथलिक नव्हती. परंतु निर्णयाचा लाभ मुंबईतील सर्व इंग्रजी माध्यमाच्या कॅथलिक शाळांना झाला. दाव्यातील पालकांत एक भारतीय ख्रिस्ती आणि एक गुजराती भाषिक हिंदू होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कळपासाठी काढलेली शाळा आता कळपाबाहेरील पालकही हक्काने मागत होते.

१ मे १९६० रोजी मराठी राज्य झाले. पण मध्यमवर्गाचा ओघ वळला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. तेव्हा ज्या मुलाला गिरणीत बापाची जागा मिळणार नव्हती त्याच्यासाठी गिरणगावानेही इंग्रजी शाळा शोधली. एकोणिसाव्या शतकात कावेलच्या ख्रिस्ती बापाने जो हिशेब केला होता, तोच लालबागच्या मराठा बापाने शंभर वर्षांनी केला. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा केला, आणि ज्या शाळांनी एका मराठी समाजाला मराठीपासून दूर नेले त्यांच्याच वर्गांत मराठी पुन्हा आली; परंतु विषय म्हणून, माध्यम म्हणून नव्हे.

७

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. कॅथलिक शाळांनी शिस्त, मुलींचे शिक्षण आणि अनेक भाषांच्या मुलांना एकत्र वाढविण्याची सवय या शहराला दिली. ते ऋण मान्य केले पाहिजे. त्यांनी मराठीचा द्वेष केला असे म्हणण्यास आधार नाही. त्यांनी मराठीची गरज मानली नाही, एवढेच; आणि भाषेच्या दृष्टीने या दोहोंचे फळ एकच असते. ईस्ट इंडियन समाजाचा इतिहास म्हणूनच केवळ एका अल्पसंख्य समाजाचा इतिहास राहत नाही. आज दादर-परळमधील मराठी कुटुंबे ज्या वाटेने जात आहेत तिच्यावरून हा समाज दीडशे वर्षांपूर्वी गेला. त्याने नोकरी मिळविली, प्रतिष्ठा मिळविली, धर्म टिकविला. आणि लदाईन संपल्यावर आजीशी कोणत्या भाषेत बोलावे हा प्रश्न नातवंडांपुढे ठेवला. त्या आजीची बोली अद्याप जेथे ऐकू येते तेथे जाऊन ती नोंदवून घेणे हे आपल्या विभागातील संशोधक विद्यार्थ्यांचे निकडीचे काम आहे. त्यासाठी गिरगावापर्यंतच जावे लागते.