कथेच्या घटकांची ओळख आणि कसबा पेठ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापच्या नीतिकथा मराठीत आणल्या. नीतिकथेत भर तात्पर्यावर असल्याने पात्र, स्थळ, पेच व शेवट हे घटक अध्यापनात मागे पडण्याचा संभव असतो.

या घटकांची ओळख करून देण्यास पुण्याच्या कसबा पेठेतील लाल महालाची कथा विशेष उपयुक्त ठरते. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी तेथे मुक्कामास असलेल्या शाहिस्तेखानावर छापा घातला. मुख्य पात्रे दोन, स्थळ एक, काळ रात्रीचा. प्रबळ सैन्याच्या पहाऱ्यातून आत शिरणे हा पेच, तर बोटे गमावून खानाचे निसटणे हा शेवट. 'कोण, कोठे, केव्हा, काय अडले, पुढे काय झाले' या पाच प्रश्नांनी बालवर्गातील मूलही ही कथा उलगडू शकते.

तथापि आजची वास्तू मूळ महाल नव्हे. पुणे महानगरपालिकेने ती १९८८ मध्ये पूर्ण केली. 'स्थळ' हा घटक ओळखणाऱ्या मुलालाच 'हा तोच वाडा का?' असा प्रश्न सुचतो. सारांश, कथेचे घटक ओळखणे ही केवळ भाषेची पूर्वतयारी नसून इतिहासदृष्टीची पहिली पायरी होय.